काळी पडलेली तांब्याची भांडी घरीच कशी उजळावीत: माळ्यापासून कल्हईपर्यंत

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या माझ्या माहेरच्या घराची कौलं उतरवायची ठरली, तेव्हा माळ्यावरून एक हंडा, दोन तपेली, एक कळशी, एक ताम्हन आणि पाणी तापवायचा बंब खाली आला. सगळं इतकं काळं की हात लावला तर बोटं काळी. भाऊ म्हणाला, मोडीत घालू. मला ते जमेना, म्हणून सगळी भांडी टेम्पोत घालून मी बेळगावातल्या शहापूरला सासरी आणली.

त्यातली पहिली कळशी मी बिघडवली. न्हाणीघर धुवायचं अॅसिड लावलं की मिनिटात चकचकीत होते, असं कुणीतरी सांगितलं होतं. मी लावलं आणि ती झालीही. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर गळ्याभोवती हिरवी भुकटी आणि पोटावर गुलाबी-करडे चट्टे. ते घालवायला तारेची घासणी घेतली. कळशीवर आजीचं नाव टिंबाटिंबांनी घातलेलं होतं, लग्नात आंदण आलेल्या भांड्यांवर घालतात तसं. त्यातलं शेवटचं अक्षर आता बोटाला लागतं, पण डोळ्याला दिसत नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बाकीची भांडी नीट झाली, कारण त्यानंतर मी घाई केली नाही आणि पेठेतल्या जाणत्या माणसांना विचारत गेले. ज्यांच्या घरी गणपतीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने अशी भांडी माळ्यावरून उतरली आहेत, किंवा जे बाहेरगावाहून इकडे राहायला आलेत आणि कुठे काय मिळतं हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात घ्या. बाहेरचा काळेपणा हा दिसण्याचा प्रश्न आहे. तुमच्या पोटात काय जाणार, ते भांड्याच्या आतल्या बाजूवर ठरतं. बाहेरून आरशासारखं चमकणारं तपेलं आतून कल्हई उडालेलं असेल, तर त्यात आमटी करायची नाही.

१. आधी भांडं ओळखा

चिंच भिजवण्याआधी पाच मिनिटं भांडं उजेडात धरून बघा.

लोहचुंबक लावा. चिकटला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं लोखंड किंवा स्टील आहे. अशा भांड्याला जोरात घासलं की मुलामाच निघून जातो. चुंबक चिकटला नाही म्हणून ते नक्की तांबंच, असं मात्र समजू नका. पितळेलाही चुंबक चिकटत नाही आणि काही प्रकारच्या स्टीललाही नाही.

तांबं की पितळ हे काळेपणाखाली कळत नाही. बुडाच्या एका कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, लिंबाची फोड मिठात बुडवून घासा. आतून गुलाबी-तांबूस रंग आला तर तांबं, पिवळा आला तर पितळ. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात ते फार वेळ राहिलं तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं, तांबं मागे राहतं आणि पिवळ्या भांड्यावर गुलाबी डाग उठतात. ते डाग नुसत्या धुण्याने जात नाहीत. म्हणून पितळेला आंबट लावा, पण मिनिटभरच, आणि लगेच धुवा.

आतून पांढरट-करडा थर दिसतो का ते बघा. तीच कल्हई, म्हणजे कथिलाचा (टिनचा) मुलामा. करडी पडलेली कल्हई खराब झालेली नसते, वापराने ती तशीच होते. तिच्यामधून तांबूस रंग डोकावतोय का, हे महत्त्वाचं.

भांडं नवं, दुकानातून आणलेलं असेल तर त्यावर पारदर्शक लाखेसारखा थर असू शकतो. चिंच घासूनही काही फरक पडत नसेल आणि काळेपणा फक्त ओरखड्यांच्या रेषांत दिसत असेल, तर तो थर आहे असं समजा. तो काढल्याशिवाय भांडं चुलीवर ठेवू नका आणि त्यात खाण्याचं काही घालू नका. मोठ्या स्टीलच्या पातेल्यात पाणी उकळून लिटरला दोन चमचे धुण्याचा सोडा घाला आणि त्यात भांडं पंधरा-वीस मिनिटं ठेवा. थर पापुद्र्यासारखा सुटतो. अॅल्युमिनियमचं पातेलं यासाठी घेऊ नका, सोडा ते खातो.

जोड कुठे आहेत तेही बघून ठेवा. जुन्या भांड्यांचे कान, बुडं, तोट्या डाख, म्हणजे वितळवून लावलेला मऊ जोडधातू, लावून जोडलेल्या असतात आणि डाखात बऱ्याचदा शिसं असतं. आतल्या बाजूला करड्या, मऊ धातूचे ओघळ दिसले, नखाने किंवा सुईने सहज ओरखडा पडला, तर ते भांडं स्वयंपाकातून बाद करा. फुलं ठेवायला, शोभेला वापरा.

२. लागणारं सामान

- जुनी चिंच, लिंबाएवढा गोळा. आमसुलंही चालतात, खानापूरकडच्या घरात ती असतातच.
- जाडं मीठ.
- लिंबूफूल, म्हणजे सायट्रिक अॅसिडचे दाणे, मोठ्या भांड्यांसाठी. किराणा दुकानात मिळतात.
- धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, दोन्ही वेगवेगळे.
- चाळलेली लाकडाची राख, मिळाली तर.
- मऊ सुती फडकी, भरपूर. जुन्या धोतराचं किंवा नऊवारीचं कापड सगळ्यात चांगलं.
- मऊ केसांचा जुना टूथब्रश, नक्षी आणि काठांसाठी.
- प्लास्टिकचा टब, रबरी हातमोजे, नाकातोंडाला मास्क.

तारेची घासणी, विटेचा चुरा, रांगोळी आणि अंगणातली तांबडी माती यांना हात लावू नका. आपल्याकडच्या जांभ्या मातीत बारीक खडे असतात आणि त्यांचे ओरखडे कायमचे राहतात. आज्या मातीने घासायच्या हे खरं, पण तेव्हाची भांडी जाड पत्र्याची असत.

बाजारात एक अडचण नव्या माणसाला येते. भाजी मंडईत खेड्यातून आलेल्या बायका बऱ्याचदा कन्नडच बोलतात. चिंचेला 'हुणसे हण्णू' म्हणा, लगेच कळतं. कल्हईसाठी 'कलाई' म्हटलं तरी चालतं. कथिलाला कन्नडमध्ये 'तवर' म्हणतात. हा शब्द पुढे कामाला येईल.

३. तेल आणि काजळी आधी काढा

सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते ती ही पायरी गाळल्यामुळे. चुलीवर वापरलेल्या तपेल्यावर दोन थर असतात. खाली तांब्याचा ऑक्साइड, वर धूर आणि तेल जळून बसलेली काजळी. चिंच ऑक्साइडवर काम करते, तेलावर तिचं काही चालत नाही. तेलकट भांड्याला चिंच लावली की जिथे तेल नाही तिथे ते उजळतं आणि बाकी काळं राहतं. मग माणूस चिडून तारेची घासणी घेतो.

गरम पाण्यात लिटरला दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा भांड्यांचा साबण घाला. भांडं त्यात अर्धा तास ठेवा, मग काथ्याने किंवा नारळाच्या शेंडीने बाहेरून घासा. काजळीचं पाणी शाईसारखं निघतं. माझ्या मोठ्या तपेल्याला हे तीनदा करावं लागलं. कल्हई चांगली असेल तर सोड्याचं कढत पाणी आत फार वेळ ठेवू नका, कथील त्यात हळूहळू झिजतं. धुऊन झाल्यावर भांड्यावर पाणी टाका. पाण्याचे थेंब न होता ते सलग पसरलं, तर तेल गेलं.

४. चिंच

गोळा कपभर कोमट पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा आणि हाताने कुस्करा. चोथा फेकू नका, घासायला तोच लागतो. मी नवी चिंच भिजवत बसले होते तेव्हा शेजारच्या काकू दारातूनच म्हणाल्या, "नवी चिंच कशाला घालवूलैस गं? आमटीतला चोथा ठेव की!" तेव्हापासून सार-आमटीचा चोथा मी मीठ लावून फ्रीजमध्ये डबीत ठेवते. आठवडाभर पुरतो.

चोथ्यावर चमचाभर जाडं मीठ घाला. भांडं ओलं करा. वरून खाली न घासता गोल गोल, हलक्या हाताने घासा. बोटाखाली काय होतं ते बघण्यासारखं असतं. आधी चोथा तपकिरी होतो, मग काळपट हिरवा, आणि एकदम त्याखालून नव्या नाण्यासारखा गुलाबी रंग वर येतो. चिंचेतलं आम्ल काळा ऑक्साइड विरघळवतं, मीठ त्या कामाला जोर देतं. तळहाताएवढी जागा उजळायला दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात उजळली नाही तर जोर वाढवू नका. चोथा तिथेच थापून पाच मिनिटं ठेवा आणि पुन्हा घासा.

उजळलं की लगेच भरपूर पाण्याने धुवा. आणि आता जी पायरी बहुतेक जण सोडतात ती: ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा किंवा चाळलेली राख घेऊन सगळ्या भांड्यावरून एकदा फिरवा. राहिलेलं आंबट त्याने मरतं. पुन्हा धुवा आणि थेंब सुकायच्या आत कोरड्या कापडाने टिपून घ्या. हे केलं नाही तर संध्याकाळपर्यंत भांड्यावर तपकिरी ओघळ दिसतात आणि काठाच्या वळणात दोन दिवसांनी हिरवं धरतं. माझ्या कळशीचं जे झालं ते यामुळेच. अॅसिड जोराचं होतं आणि ते काठाच्या वळणात तसंच राहिलं.

नाव कोरलेलं असेल तिथे बोटाने चोथा लावा, टूथब्रशने हळू फिरवा, एवढंच. अक्षरांच्या टिंबांमध्ये थोडा काळेपणा राहू द्या. त्यानेच तर नाव वाचता येतं.

हंड्यासारखं मोठं भांडं चिंचेने करायला अर्धा दिवस जातो. त्यासाठी लिंबूफूल बरं. प्लास्टिकच्या टबात दर लिटर गरम पाण्याला दोन मोठे चमचे लिंबूफूल आणि एक मोठा चमचा मीठ घाला. भांडं बुडत नसेल तर पाण्यात भिजवलेलं फडकं अंगाभोवती गुंडाळा आणि वरून पाणी सोडत राहा. पाच ते दहा मिनिटं पुरे. टबात लोखंडी किंवा जस्ताची बादली, चिमटा असलं काही घालू नका. पाण्यात उतरलेलं तांबं लोखंडावर जाऊन बसतं, जस्त विरघळतं आणि काम बिघडतं.

हे पाणी फिकट हिरवं-निळं होतं, कारण त्यात तांब्याचे क्षार असतात. द्राक्षबागेत मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतात ते बुरशी मारण्यासाठी; तो मोरचूदही तांब्याचाच क्षार. तेव्हा हे पाणी तुळशीत, परसात, विहिरीजवळ किंवा माशांच्या टाकीजवळ ओतू नका. भरपूर साध्या पाण्याबरोबर मोरीत सोडा.

बाजारात तांब्या-पितळेसाठी मिळणारी पावडर बाहेरच्या बाजूला चालते. पाकिटावर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ ठेवू नका आणि कल्हई केलेल्या बाजूला लावू नका.

५. हिरवं दिसलं तर

काळा थर आणि हिरवा थर यांत फरक आहे. काळा म्हणजे तांबं आणि हवा. हिरवा म्हणजे तांबं, हवा आणि ओल, किंवा तांबं आणि आंबट. पावसाळ्यात खानापूर, कणकुंबीकडे महिनोन् महिने भिंती ओल्या असतात. तिथल्या माळ्यावरच्या भांड्यावर हिरवं नसेल तरच नवल. याच हिरव्यामुळे ताक, आमटी 'कळकते'. जुन्या बायकांच्या तोंडी असलेला हा शब्द अगदी नेमका आहे. कळकलेलं अन्न तुरट-धातूसारखं लागतं आणि पोटात गेलं तर मळमळ, उलट्या, पोटात कळा येतात.

हिरवी भुकटी कोरडी खरवडू नका, ती हवेत उडते आणि नाकात जाते. मास्क लावा, भांडं आधी ओलं करा, ओल्या कागदाने जाडसर भुकटी पुसून कागद फेकून द्या. मग चौथी पायरी करा. लहान मुलांना त्या वेळी मोरीपाशी येऊ देऊ नका.

हिरवं गेल्यावर खाली खड्डे दिसले तर सुईने चाचपून बघा. पाणी भरून रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. सकाळी कागद ओला असेल तर छिद्र पडलंय. ते डाख लावून बुजवायला देऊ नका, निदान खाण्यापिण्याच्या भांड्याचं तरी.

६. कल्हई

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या.

स्वयंपाकाचं तांब्याचं भांडं कल्हईशिवाय वापरायचं नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल, दही, लिंबू यातलं काहीही आपल्या रोजच्या जेवणात असतंच, आणि ते तांबं विरघळवतं. कथील मात्र या आंबटाला बऱ्यापैकी दाद देत नाही. म्हणून आतून कथिलाचा पातळ थर देतात.

पुन्हा कल्हई कधी करायची, याला महिन्यांचं गणित लावू नका. रोज वापराचं भांडं वर्षभराच्या आतही झिजतं, सणासुदीचं भांडं कितीतरी वर्षं टिकतं. माझा ठोकताळा असा: आत कुठेही रुपयाच्या नाण्याएवढी तांबूस जागा दिसली की भांडं वापरातून काढायचं आणि कल्हईला द्यायचं.

पूर्वी गल्लीत "कल्हईऽऽ" अशी आरोळी यायची. आता तो माणूस क्वचितच दिसतो, आपल्यालाच शोधावा लागतो. बेळगावच्या आणि शहापूरच्या जुन्या पेठांत, निपाणी-संकेश्वरकडे बाजारपेठेत, तांब्या-पितळेची भांडी विकणाऱ्या दुकानात जाऊन विचारा. दुकानदार स्वतः करत नसला तरी कोण करतो ते त्याला माहीत असतं. गणपती आणि लग्नसराईच्या आधी गर्दी असते. तेव्हा भांडं द्यायचं तर महिनाभर आधी द्या.

शक्य असेल तर समोर उभं राहून करून घ्या. कारागीर आधी भांडं आतून लख्ख घासतो. मग भात्याने कोळसे फुलवून भांडं तापवतो. भांडं पुरेसं तापलं की आत नवसागर टाकतो. पांढरा, तिखट धूर उठतो, त्याने धातूवरचा ऑक्साइड निघतो. तेवढ्या क्षणात कथिलाची कांडी आत टेकवतो, ती पाण्यासारखी वितळते आणि तो कापसाच्या बोळ्याने ती सगळीकडे फिरवतो. काळपट तांबूस तपेलं तुमच्या डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा तिथून हलवेना. धूर मात्र बोचरा असतो. धूर जिकडे जातो त्याच्या उलट बाजूला उभं राहा आणि मुलांना लांब ठेवा.

फसगत होते ती कथिलात. कथील महाग, शिसं स्वस्त, म्हणून भेसळीची भीती असते. शिसं शरीरात साठत जातं आणि मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, त्यामुळे विचारायला लाजू नका. 'शुद्ध तवर, शुद्ध कथील आहे ना?' असं सरळ विचारा आणि कांडी हातात मागा. शुद्ध कथिलाची कांडी कानाशी धरून वाकवली की करकर असा बारीक आवाज येतो. शिसं मुकाट्याने वाकतं. कांडी पांढऱ्या कागदावर ओढून बघा. शिसं पेन्सिलीसारखी करडी-काळी रेघ सोडतं. या घरगुती खुणा आहेत, प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे. संशय आला तर भांडं उचला आणि दुसरीकडे जा. चांगला कारागीर कांडी दाखवायला कधी कुरकुरत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

घरी कल्हई करू नका. त्याची भट्टी, धूर आणि वितळलेला धातू हे आपल्या ओट्यावरचं काम नव्हे.

कल्हई झाल्यावर भांडं साबणाने धुवा, पाणी उकळून टाकून द्या, मग वापरा. पुढे सांभाळायचं ते असं: कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं. रिकामं तपेलं गॅसवर विसरलं तर ते तापमान काही मिनिटांत येतं आणि कल्हईचे गोळे होऊन बुडाशी जमतात. म्हणून आत काहीतरी घातल्यावरच गॅस पेटवा, आच मध्यम ठेवा. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. भात, आमटी, खीर यांना हे भांडं उत्तम. तळणं आणि भाजणं यात नको. ढवळायला लाकडी पळी. घासायला मऊ कापड आणि साबण. आत कधीही चिंच नाही, पावडर नाही, घासणी नाही. काही करपलं तर पाण्यात भिजत ठेवा आणि सुटेपर्यंत थांबा.

७. बंब

बंबाचं दुखणं वेगळं. त्याच्या आत काळेपणापेक्षा क्षारांचा थर जास्त असतो. अथणी, रायबाग, चिकोडीकडे काळ्या रानातल्या बोअरचं पाणी जड. तिथले बंब आतून पांढऱ्या खडीसारखे झालेले मी पाहिले आहेत. लिटरला तीन चमचे लिंबूफूल घातलेलं कोमट पाणी आत भरा, फेस येऊ द्या, अर्ध्या तासाने काढा, पुन्हा भरा. थर जाड असेल तर दोन-तीन दिवस थोडं थोडं करा. सगळं एकदम सुटलं तर तोटी तुंबते. शेवटी सोड्याचं पाणी आणि मग दोनदा साधं पाणी.

बंब पाण्याशिवाय कधीही पेटवू नका, डाख वितळून जोड उघडतात. जुन्या बंबातलं पाणी आंघोळीलाच वापरा, चहाला नको.

८. पिण्याच्या पाण्याचा हंडा-कळशी

पाण्याच्या भांड्याला कल्हई नसते आणि लागतही नाही, पण मग त्यात फक्त साधं पाणी. लिंबूपाणी, ताक, सरबत, सब्जा घातलेलं पाणी, काहीही नाही. पिण्याच्या पाण्यात तांबं लिटरला २ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, ०.०५ मिलिग्रॅम हे इष्ट आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालेल, असं धरलंय. रात्री भरून सकाळी प्यायला हरकत नाही. चार दिवसांचं शिळं पाणी मात्र झाडांनाही घालू नका. पाणी जितकं मऊ आणि किंचित आंबट, तितकं त्यात तांबं जास्त उतरतं. म्हणून आरओचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

कुणाला विल्सन रोग असेल, म्हणजे शरीरातून तांबं बाहेर टाकलं जात नसेल, तर त्या घरात त्या माणसासाठी तांब्याचं भांडं नकोच.

आतून आठवड्यातून दोनदा लिंबाच्या सालीने पुसा आणि तीन-चार पाण्यांनी धुवा. ताम्हनात पंचामृताचं दूध-दही सांडतं. पूजा आटोपली की ते लगेच धुवा. आमच्याकडे पंचामृत तांब्याच्या भांड्यात कालवत नाहीत, आणि त्यामागचं कारण आता तुम्हाला सांगायला नको.

९. ठेवणं

पूर्ण कोरडं भांडं सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, आत घाम धरतो. झाकण बांधायला रबर वापरू नका. रबरातल्या गंधकाने काळी रेघ उमटते आणि ती सहज जात नाही. मिठाची बरणी, लोणच्याच्या बरण्या यांच्या शेजारी ठेवू नका. शोभेच्या भांड्याला बाहेरून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं तर पावसाळा निभावतो. स्वयंपाकाच्या भांड्याला नको, चुलीवर चढलं की तेलाचे डाग पडतात.

गोठ्याच्या वरच्या माळ्यावर तर अजिबात ठेवू नका, खेड्यातल्या घरात हे नेहमी होतं. शेण-मूत्रातून उठणारा अमोनिया तांब्याला हिरवं-निळं करतो आणि पितळेला चिरा पाडतो. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात घोड्यांच्या पागांत ठेवलेली पितळी काडतुसं अशीच आपोआप तडकत. त्याचं कारण अमोनिया आहे, हे १९२१ मध्ये समजलं. माझ्या माहेरच्या पितळी परातीच्या काठाला केसासारखी चीर होती. ती कुणाच्या हातून पडली यावरून घरात वर्षानुवर्षं बोलणी झाली. परात गोठ्यावरच्या माळ्यातच असायची.

दिवाळीत उजळलेलं भांडं संक्रांतीपर्यंत पुन्हा तपकिरी होणार, हे धरून चला. तो पातळ तपकिरी थर तांब्याला फार खात नाही. महिन्याभरात एकदा, चिंचेचा चोथा हाताशी असेल त्या दिवशी, दोन मिनिटं फिरवलं की पुरतं. बाहेरून दर आठवड्याला लख्ख करायच्या नादाला लागू नका, प्रत्येक घासणीत थोडं तांबं जातंच.

आणि जे भांडं वाचत नाही ते मोडीत देताना आधी लोखंडी कडी, कान, बुडाची पट्टी काढून घ्या आणि तांबं वेगळं, पितळ वेगळं तोलायला सांगा. दोघांचे भाव वेगळे असतात आणि एकत्र तोललं की दर पितळेचा लागतो.

आजीची कळशी मी मोडीत दिली नाही. तिच्यावरचे गुलाबी चट्टे वर्षभरात बाकीच्या रंगात बरेच मिसळले आहेत.